होल्डवर ठेवलेली गोळी

मला कशाकशाचं भ्या वाटायचं ते विचारू नका, कशाचं वाटायचं नाही ते विचारा, म्हणजे लवकर सांगून होईल. कुकरची शिट्टी झाली की वाटायचं आता झाकण उडालं. नाही झाली तर वाटायचं, का नाही झाली, आत काहीतरी अडकलं. लिफ्टनं गेलं तर दार उघडणार नाही आणि जिन्यानं गेलं तर पोरगी कठड्यावरनं खाली. अनोळखी नंबरवरनं फोन आला की माझे हातपाय गार, म्हणजे यांना कंपनीत काहीतरी झालं. एकदा असाच फोन आला तर मी हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, ते जिवंत आहेत ना? ती विमा विकणारी बाई होती. ती म्हणाली, मॅडम, आहेत तोवर काढून टाका.

हसू नका. म्हणजे हसा, मी पण आता हसते, पण तेव्हा छातीत असं धडधडायचं की ब्लाउजवरनं दिसायचं. श्वास पुरायचा नाही. पोरीला घास भरवता भरवता हात थांबायचा आणि ती तोंड उघडं ठेवून बसायची, चिमणीच्या पिलासारखी, घास कुठं गेला म्हणून बघत. अडीच वर्षांची होती तेव्हा.

आम्ही राहतो चिखलीत, तिसऱ्या मजल्यावर. हे चाकणला जातात, गाडीच्या सीटा बनवतात त्या कंपनीत. हे स्वतः सीट बनवत नाहीत, बनवलेली सीट बघतात आणि ओके का नॉट ओके ते सांगतात. दिवसभर तेच काम केल्यामुळं घरी आले तरी ते सुटत नाही. भाजी ओके, भात नॉट ओके, पोरीची वेणी रिवर्क. लातूरकडचा माणूस, पण बोलणं सगळं कंपनीचं.

माझं असं झालं म्हणून गावाकडनं आत्या आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्या आल्या आणि मामा गावात एकटे राहिले. मामांना चहा पण येत नाही. ते दूध तापत ठेवतात आणि शेजाऱ्याशी बोलायला जातात. आत्यांची एकेक करून सगळी पातेली काळी व्हायला लागली होती, आणि हे मामा स्वतःच फोन करून सांगायचे, आज कुठलं झालं ते, एकदम मोकळ्या मनानं. फोन ठेवला की आत्या खिडकीतनं बाहेर बघत बसायच्या, पातेल्याला आठवत.

शेवटी एकदा भाकरी थापता थापता म्हणल्या, "दसऱ्याला मी जाणार बघ. तवर तुला बरं वाटलं तर चांगलंच हाय. न्हाई वाटलं तर लेकराला घेऊन जाते मी. तुला एकटीला झेपायचं न्हाई. बरी झालीस की ये आन् घेऊन जा."

चांगल्या मनानं म्हणल्या, तेच वाईट होतं. वाईट मनानं म्हणल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. मी "हो आत्या" म्हणलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले. मी आठवी शिकलेली, मला दुसरं काही येत नाही, पोरगी एवढी एकच गोष्ट माझी म्हणावी अशी होती, आणि ती गावाला गेली तर मला बरं कशासाठी व्हायचं होतं?

यांना सांगितलं तर हे म्हणाले, घाबरू नको, आपण व्हाय-व्हाय करू. व्हाय-व्हाय म्हणजे कंपनीत एखादी सीट खराब निघाली की हे लोक बसतात आणि पाच वेळा का विचारतात. का फाटली, का ओढली, का सैल होती, असं करत करत शेवटच्या का-ला खरं कारण सापडतं म्हणे. यांनी जुन्या कॅलेंडरची पाठ भिंतीला लावली, मार्कर घेतला आणि मला समोर बसवलं.

म्हणाले, तुला भीती का वाटते? मी म्हणलं, धडधडतं म्हणून. धडधडतं का? भीती वाटते म्हणून. हे थांबले. म्हणाले, असं गोल फिरायचं नसतं, खाली जायचं असतं. मी म्हणलं, मग खाली न्या, मला काय कळतंय. हे डोकं खाजवत उभे राहिले तर स्वयंपाकघरातनं आत्या म्हणल्या, "लिही की, माझ्या पोराशी लगीन झालं म्हणून. लई का विचारायची गरज न्हाई."

यांनी मार्करचं टोपण लावलं आणि म्हणाले, बाहेरची एजन्सी लागेल. अशा रीतीनं आम्ही भोसरीला मनाच्या डॉक्टरकडं गेलो.

मला वाटलं होतं मनाची डॉक्टर म्हणजे म्हातारी असेल, चष्मा असेल, डोळ्यांत बघून सगळं ओळखेल. ही तर माझ्याएवढीच वाटत होती, केस कापलेले, टेबलावर चहा गार झालेला. तिनं मला बोलू दिलं. मी बोलले ते बोललेच, मध्ये श्वास घ्यायला थांबले तर म्हणाली, घे, मला घाई नाही. मग रक्त तपासायला लावलं, आणि पुढच्या वेळी रिपोर्ट बघून विचारलं, घरात कुणाला हृदयाचं काही? मी म्हणलं, वडील त्यातच गेले, काकांना पण आहे. ती म्हणाली, तुझी पण चरबी वाढलीय. मी स्वतःकडं बघितलं. माझ्या अंगावर चरबी म्हणावी असं काही नाही, बांगड्या कोपरापर्यंत जातात. ती म्हणाली, अंगावर नाही गं, रक्तात.

मग तिनं दोन गोळ्या लिहून दिल्या आणि सावकाश सांगितलं. "ही पहिली मनाची. हिला काम करायला काही आठवडे लागतात, लगेच सोडायची नाही. ही दुसरी चरबीची. तुझी चरबी खरंच जास्त आहे म्हणून देतेय. मनाच्या गोळीबरोबर ही घेतली तर काही जणांची भीती, उदासी जरा जास्त कमी होते असं काही ठिकाणी दिसलंय. काही ठिकाणी काहीच फरक दिसला नाही. त्यामुळं मनाचं मी वचन देत नाही. झाला फायदा तर झाला."

आणि विचारलं, पोरगी अंगावर पिते का? मी म्हणलं, नाही मॅडम, ती फरसाण खाते. म्हणाली, दुसरं मूल होऊ द्यायचं असेल तर आधी मला येऊन सांगायचं, तेव्हा ही चरबीची गोळी चालत नाही. अंग फार दुखायला लागलं तरी सांगायचं. मी सगळ्याला मान हलवली. बाहेर येईपर्यंत माझ्या डोक्यात दोनच गोष्टी राहिल्या होत्या, एक चरबी आणि दुसरं, वचन देत नाही.

हे त्या दिवशी बाहेर पोरीला फिरवत होते, त्यामुळं आतलं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी दोन्ही पाकिटं दिव्याखाली धरली, मोबाईलवर शोधलं. म्हणाले, ही पहिली बरोबर आहे. पण ही दुसरी तर हृदयाची आहे, तुला मनाचं झालंय, ही राँग पार्ट आली. मी म्हणलं, नाही हो, त्या म्हणल्या मनाला पण होतो फायदा, कुठं होतो, कुठं नाही होत. हे म्हणाले, कुठं होतो कुठं नाही म्हणजे प्रोसेस स्टेबल नाही. ज्याचं ड्रॉइंग मला माहीत नाही असा पार्ट मी लाइनवर घेत नसतो.

आणि बॅगेतनं लाल टॅग काढला.

त्यांच्या कंपनीत ज्या मालावर शंका असते त्याला लाल टॅग बांधतात. होल्ड म्हणतात त्याला. एकदा होल्ड लागला की तो माल तिथंच राहतो, मोठे साहेब आले तरी हात लावायचा नाही, ज्याला अधिकार आहे तो तपासून सही करेल तेव्हाच सुटतो. यांनी टॅगवर लिहिलं, पार्ट गोळी, कारण खुलासा नाही. दोऱ्यानं पाकिटाला बांधला आणि फ्रिजवर ठेवून दिलं. मी म्हणलं, अहो, डॉक्टरनं लिहून दिलंय. हे म्हणाले, लिहून द्यायला काय, डिझाइनवाले पण लिहून देतात, पुढच्या भेटीत मी स्वतः विचारतो.

मी मनाची गोळी घ्यायला लागले. पहिल्यांदा पोटात ढवळायचं. मग जरा झोप लागायला लागली. एक दिवस लिफ्ट मध्येच थांबली आणि मी जोरजोरात ओरडायच्या आधी बटण दाबून बघितलं. एवढं झालं. फ्रिजवरच्या गोळीकडं कुणी जायचं नाही. पोरगी पण लांबनं बोट दाखवून म्हणायची, होल्ड.

आता आत्यांचं सांगते. आत्यांच्या छातीत स्प्रिंग आहे, हृदयाची नळी बुजली होती तेव्हा इकडंच आणून घातलेली. तेव्हापासनं त्यांना रोज गोळ्या. एक दिवस फ्रिज पुसताना त्यांनी ते लाल टॅगवालं पाकीट बघितलं, बराच वेळ बघितलं, मग आपली पिशवी आणली आणि आपलं एक पाकीट त्याच्याशेजारी ठेवलं. रंग तोच, चकाकी तीच. यांना हाक मारली. यांनी वाचलं आणि म्हणाले, हो गं आई, सेम पार्ट, फक्त तुझी पॉवर जास्त आहे.

आत्या खालीच बसल्या. म्हणल्या, "हिला ही मनाची म्हणून दिली. मग मला कामून दिली? म्हंजे स्प्रिंग घातल्यापासनं हे लोक मला न सांगता डोक्याची गोळी द्यायलेत?"

हे समजवायला गेले तर आणखीच बिघडलं, कारण पॉवर जास्त आहे हे यांनीच सांगितलं होतं. म्हणजे सून थोडी वेडी आणि सासू जास्त, असा त्याचा हिशोब झाला. आत्यांनी मामांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का. मामांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "मला काय ठाव न्हाई. पर स्प्रिंग घातल्यापासनं तू कमी भांडतीस, एवढं खरं हाय."

झालं. आत्यांनी फोन बंद केला आणि यांच्यापुढं हात केला. टॅग दे म्हणल्या.

इथं हे अडकले. सेम पार्ट असेल तर सेम होल्ड, हा नियम त्यांनीच मला शिकवलेला. आईला नाही म्हणावं तर नियम मोडतो, हो म्हणावं तर आईची गोळी बंद. म्हणाले, आई, तू चालू ठेव, मी विचारतो. आत्या म्हणल्या, मग बायकोची कामून बंद ठेवलीस? यांनी टॅगची बॅग मागं सरकवली. आत्यांनी बॅगेतनं स्वतःच टॅग काढला आणि आपल्या पाकिटाला बांधला, गाठ एवढी घट्ट मारली की दोरा तुटायचा राहिला. बाकीच्या गोळ्या घ्यायच्या, ती एक घ्यायच्या नाहीत.

डॉक्टरची तारीख लांब होती. यांच्या शिफ्टा बदलत होत्या, आज विचारतो उद्या विचारतो चाललं होतं. आणि माझ्या भीतीला नवीन जागा सापडली. मी आत्यांकडं बघत बसायला लागले. दुपारी झोपल्या की छाती वरखाली होतेय का बघायची. त्या डोळे न उघडता म्हणायच्या, माझ्याकडं काय बघायलीस, जा, कपडे वाळलेत. मी सांगून बघितलं, आत्या घ्या हो ती गोळी. म्हणल्या, तू येडी म्हणून मी पण येडी होऊ का? मग मी कपड्यांच्या घड्या घालत बसले. राग पण आला. माझी पोरगी नेणार आणि वर मला येडी म्हणणार, आणि परत यांच्याच काळजीनं माझा जीव जाणार, हा कुठला न्याय?

दसरा जवळ आला तसं यांनी ठरवलं की ट्रायल घेऊ. एक अख्खी फर्स्ट शिफ्ट मी आणि पोरगी दोघीच घरात. आत्यांनी दिघीला त्यांच्या बहिणीकडं जायचं. मी कुणाला फोन करायचा नाही. आत्यांना नाही, शेजारच्या वहिनींना नाही, आणि यांचा तर फोन लॉकरमध्येच असतो. शिफ्ट सुटेपर्यंत निभावलं तर ट्रायल ओके, पोरगी इथं राहील. एक जरी फोन केला तर आत्यांबरोबर गावाला. आत्या म्हणल्या, मला मान्य हाय. मला कुणी विचारलं नाही, पण मी पण मान हलवली.

त्या दिवशी सकाळ चांगली गेली, खोटं नाही सांगत. पोरीला आंघोळ घातली, पोहे केले, कुकरला हात लावला नाही. मग दूध काढायला फ्रिज उघडला आणि वर बघितलं. दोन लाल टॅग. आत्यांचं पाकीट इथंच. आणि आत्या दिघीला, मावशींकडं. मावशी म्हणजे त्यांची बहीण, तिच्याकडं पाहुणा आला की कढई उतरतच नाही. भजी, वडे, पुऱ्या. छातीत स्प्रिंग, गोळी बंद, वरनं भजी. माझ्या डोळ्यांपुढं आत्या आडव्या झालेल्याच दिसल्या, हातात अर्धं भजं.

फोन उचलला. फोन केला की पोरगी गेली. ठेवला. तांदळाच्या डब्यात टाकला. परत काढला, पुसला. पोरगी म्हणाली, आई काय करते? मी म्हणलं, काही नाही गं, भीतेय. मग एकदम मला सुचलं की फोन करायचा नाही असं ठरलंय, जायचं नाही असं कुणी म्हणलेलं नाही. पण नुसतं जाऊन काय उपयोग, आत्या माझं ऐकणार थोड्याच. डॉक्टर मॅडमनी सांगितलं तर ऐकतील. भोसरी वाटेतच आहे.

मी दोन्ही पाकिटं घेतली, टॅगसकट. टॅग काढायची माझी हिंमत झाली नाही. बिस्किटं, पाणी, पोरीचा एक्स्ट्रा ड्रेस. कुलूप लावलं, खाली गेले, गॅस चालू राहिला असं वाटलं, वर आले, बंद होता, खाली गेले, कुलूप लावलं का ते बघायला परत वर. शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणल्या, व्यायाम का? मी म्हणलं, हो.

लग्न झाल्यापासनं मी एकटी बसनं कुठं गेले नव्हते. बसमध्ये हात ओले झाले, दांडी सटकायला लागली, श्वास वरच्या वर. एका बाईनं उठून जागा दिली, तर पोरगी मांडीवर उभी राहून सगळ्या बसला सांगायला लागली, माझी आई भीते. पुढच्या आजोबांनी विचारलं, कशाला भीते गं? ती म्हणाली, सगळ्याला. आजोबा म्हणाले, माझी सून पण अशी पाहिजे होती. सगळे हसले आणि मला पण हसू आलं, आणि हसल्यावर श्वास जरा खाली गेला, पोटापर्यंत.

दवाखान्यात नंबर नव्हता माझा. बाहेरच्या ताईंनी बसवून ठेवलं. पोरीनं तिथल्या कुंडीतली माती बाहेर काढायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी लवकर आत सोडलं. मॅडम काय सांगतील ते सगळं माझ्या लक्षात राहायचं नाही म्हणून मी दारातच मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि तसं मॅडमना सांगितलं, सासूबाईंना ऐकवायचंय. त्या म्हणाल्या, कर. आणि मग त्यांचं लक्ष टॅगकडं गेलं.

"हे काय बांधलंय?"

"होल्ड आहे मॅडम," मी म्हणलं, आणि मग मला थांबताच येईना. सीटा सांगितल्या, व्हाय-व्हाय सांगितलं, मामांची पातेली पण सांगितली, त्याचा काही संबंध नव्हता. आणि म्हणलं, "माझी गोळी राहू द्या, आत्यांची आधी सोडवा. त्यांनी किती दिवस झाले घेतली नाही. त्या माझी पोरगी घेऊन जाणार आहेत मॅडम, मला लई राग आहे त्यांचा. पण त्या मरायला नकोत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश, मोबाईलकडं बघून, आत्या समोर बसल्यासारखं बोलल्या. "आजी, तुमची ही गोळी हृदयाचीच आहे. तुमची स्प्रिंग परत बुजू नये म्हणून दिलीय. डोक्याची नाही. सुनेला पण चरबीसाठीच दिलीय, तिच्या मनाला थोडा हातभार लागतो का ते बघतोय, लागेलच असं नाही. तुम्ही आजपासून परत सुरू करा, रोज घेता तेवढीच. राहिलेल्या एकदम घ्यायच्या नाहीत. आणि तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा की इतके दिवस बंद होती."

मग मला म्हणाल्या, आणि तुझी कुणी बंद केली? मी टॅग पुढं केला. म्हणलं, इथं सही लागते, चिठ्ठी नाही चालत आमच्या यांना. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, टॅगकडं बघितलं. दोन्हींवर सही केली, ओके लिहिलं. म्हणाल्या, शिक्का पण लागतो का? मी म्हणलं, लागतो मॅडम. शिक्का मारला. पोरीनं हात पुढं केला, तर तिच्या पण हातावर मारला.

दिघीला पोचले तेव्हा आत्या खरंच भजी खात होत्या. मी दारातच रडायला लागले, जिवंत बघून. त्यांनी भजं ताटलीत ठेवलं. म्हणल्या, काय झालं, लेकराला काय झालं? मावशींनी पोरीला घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. मी म्हणलं, काही नाही, तुमची गोळी आणलीय. आत्या म्हणल्या, तुला घरात बसायचं होतं ना? मी म्हणलं, फोन नाही केला, बघा, मोबाईल बघा. आणि रेकॉर्डिंग लावलं.

मला वाटलं होतं मॅडमचं बोलणं तेवढं लागेल. पण मी तर दारापासनं चालू केलं होतं. सगळं आलं. माझा धापा टाकलेला आवाज, पातेली, पोरीचं मध्येच "मला शू" आणि ते पण आलं, मला लई राग आहे त्यांचा, आणि त्याच्यापुढचं पण. मी बंद करायला गेले तर आत्यांनी माझा हात धरला. मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मॅडम "आजी" म्हणाल्या तेव्हा आत्यांनी डोक्यावर पदर घेतला, आणि आजपासून परत सुरू करा म्हणल्यावर मोबाईलला "बरं" म्हणल्या.

रेकॉर्डिंग संपलं. आत्यांनी पाणी मागितलं. टॅगची गाठ सुटेना म्हणून मावशींनी विळीवर कापली. आत्यांनी गोळी घेतली, वरनं सगळं पाणी प्यायल्या, आणि मग हृदयाच्या डॉक्टरांकडं फोन लावायला सांगितला. तिथल्या माणसानं दोन दिवसांत दाखवून जा म्हणून सांगितलं.

तेवढ्यात हे आले. शिफ्ट सुटल्यावर लॉकरमधनं फोन काढला, एक पण कॉल नाही म्हणून खूश होऊन घरी आले, तर कुलूप. वहिनींनी सांगितलं, पोरीला आणि बॅग घेऊन गेली, सारखी वरखाली करत होती. यांना काय काय वाटलं असेल देव जाणे, फोन करायचं पण सुचलं नाही, सरळ गाडी काढून आईकडं आले. गळ्यात कंपनीचं कार्ड, पायात ते लोखंडी टोपीचे बूट, तोंड पांढरं. छातीवर हात ठेवून म्हणाले, धडधडतंय.

मी म्हणलं, बसा. पाणी प्या. श्वास सावकाश सोडा, घेऊ नका नुसता, सोडा पण. बसले. मी त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, असं होतं होय बाहेरनं बघितल्यावर.

आत्या म्हणल्या, ह्याच्यासाठी पण एक गोळी लिहून आणायची होतीस.

जरा रंग आल्यावर यांनी टॅग बघितला. सही बघितली, शिक्का बघितला. म्हणाले, ठीक आहे, हा सुटला. पण ट्रायल धरता येणार नाही, कंडिशन घरात बसायची होती.

आत्यांनी पोरीला मांडीवर ओढलं, तिचा शिक्क्याचा हात पदरानं पुसायला लागल्या, निघेना.

"ट्रायल तुज्या कंपनीत घे," त्या यांना म्हणल्या. "ती एकटी लेकराला घेऊन दोन बसा बदलून आली. लेकरू धड हाय, पोट भरलेलं हाय. लेकरू हितंच राहतंय." आणि मग माझ्याकडं न बघता, "आन् तुला माझा राग हाय तर भांडत जा की. हो आत्या, हो आत्या करून आत काय साठवायलीस? मला काय कळतंय तुझ्या मनात काय हाय ते."

मी म्हणलं, हो आत्या. मावशी परत हसायला लागल्या.

दसऱ्यानंतर आत्या गेल्या. जायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी आत्यांना रागावलं आणि मग यांना जास्त रागावलं. मी आता दोन्ही गोळ्या घेते. मागच्या भेटीत मॅडमनी विचारलं कसं वाटतंय, मी म्हणलं, पहिल्यापेक्षा बरंय. कुठल्या गोळीनं ते मला सांगता येत नाही, मॅडम म्हणाल्या त्यांना पण येत नाही, चरबी मात्र नक्की उतरलीय, रिपोर्टमध्ये दिसतेय. हे म्हणाले, मग दोन्ही चालू ठेवू, चालती लाइन कशाला थांबवायची.

भ्या गेलं नाही. येतं. पण आल्यावर पूर्वीसारखं बसून राहत नाही. आत्यांशी रोज फोनवर भांडते, पहिल्यांदा मुद्दाम भांडायची, आता आपोआप होतं. त्या विचारतात गोळी घेतली का, मी म्हणते तुम्ही घेतली का, त्या म्हणतात मला शिकवू नको, मी म्हणते शिकवणार. मामा मागनं म्हणतात, ठेवा आता. आज भांडताना पोरीनं फोन ओढून घेतला आणि आजीला सांगितलं की आईनं मला चपाती नाही दिली, जी तिनं नुकतीच खाल्ली होती. आत्या तिकडनं मला बोलायला लागल्या. मी म्हणलं, खोटं बोलतेय ती, तोंडाला तूप लागलेलं आहे, व्हिडिओ करा आणि बघा. त्यांनी व्हिडिओ कॉल केला. पोरगी तोपर्यंत पलंगाखाली जाऊन लपली, आणि मी फोन हातात धरून वाकून तिला बाहेर ओढत होते, एका पायाला धरून.